माणूस आला नाही त्या दिवशी काय?

*ताई, माझे बाबा 78 वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून त्यांना पार्किन्सन्स आहे. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून एकट्यानं उठायची त्यांची हिंमत होत नाही. आई 73 वर्षांची. तीच त्यांना उठवते, अंघोळ घालते, गोळ्या देते, आणि आता तिची कंबर धरली आहे. मी दुसऱ्या शहरात नोकरी करते, भाऊ परदेशात. घरी सांभाळायला माणूस ठेवायचं ठरलं आणि दोन कंपन्या पुढे आल्या. एकीचा माणूस फोनवर इतका गोड बोलला! 'उद्या सकाळी आठला माणूस हजर करतो,' म्हणाला. दुसरीनं मला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. आधी आमची सिस्टर घर बघून जाईल, मग चार दिवसांनी माणूस देऊ, म्हणाले. पैसेही जास्त. भाऊ म्हणतो, पहिलीचे रिव्ह्यू उत्तम आहेत. आई म्हणते, परकं माणूस घरात नकोच, मी करीन. बाबा काहीच बोलत नाहीत. विश्वास कुणावर ठेवायचा, आणि कशाच्या जोरावर? — एक लेक*

प्रिय लेक,

दुसऱ्या कंपनीनं अर्धा तास प्रश्न विचारले हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. पहिल्या कंपनीतल्या त्या गोडबोल्यानं काय विचारलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा पत्ता विचारला असेल. बाबांचं वजन किती, आधार धरून ते उभे राहतात का, घास घशात अडकतो का, गोळ्यांच्या वेळा कोणत्या, रात्री किती वेळा उठतात, यातलं काहीच ठाऊक नसताना त्यानं तुमच्यासाठी माणूस निवडला कसा? निवडलेलाच नाही. उद्या जो रिकामा असेल, तो आठ वाजता तुमच्या दारात उभा राहील. तो चांगला निघालाच, तर ते तुमचं नशीब. कंपनीचं त्यात काही नाही.

तेव्हा माझा कौल दुसरीकडे झुकतोय, हे आधीच सांगून टाकते. पण अजून नुसता झुकतोय. तिचीही परीक्षा घ्यायची आहे.

माझ्या आत्याला शेवटची दोन वर्षं घरी सांभाळायला माणसं होती. पहिली बाई आली ती अगदी सोन्यासारखी. आम्ही येईल त्याच्यापाशी कंपनीचे गोडवे गात होतो. सात महिन्यांनी तिच्या मुलीचं बाळंतपण निघालं, ती गेली, आणि मग कळलं की कंपनी म्हणजे एक फोन नंबर होता. तोही कुणी उचलेना. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. आत्याला मधुमेह आहे, हेसुद्धा तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही सात महिने विश्वास ठेवला होता तो त्या बाईवर. कंपनीवर ठेवलाय, असं समजत होतो इतकंच. पुढे एकदा रोजच्या नोंदींची वही मी सहज चाळली, तर दोन आठवड्यांचं बीपी रोज 130/80. एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेलं. खाली सुपरवायझरच्या सह्या. हा सुपरवायझर आमच्या घराची पायरी एकदाही चढलेला नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच प्रश्न पुढे करते: माणूस आला नाही त्या दिवशी काय? दोन्ही कंपन्यांना हे अगदी बारकाईनं विचारा. रविवारी सकाळी सात वाजता माणूस आला नाही, तर फोन कुणाला करायचा? तो कोण उचलतं? बदली माणूस किती तासांत येतो? त्याला बाबांची माहिती कोण देतं, आणि ती देईपर्यंत आईंनीच करायचं का? 'आमच्याकडे असं होतच नाही' हे उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या. माणसं आजारी पडतात, गावाला जातात, त्यांच्याही घरी कुणी दगावतं. 'होतं कधीकधी, आणि तेव्हा आम्ही असं करतो' असं जी सांगते, तिच्याशी पुढचं बोला. शिवाय सही करण्याआधी एका रविवारी भल्या सकाळी त्यांच्या नंबरावर फोन करून बघा. कोण उचलतं आणि कोणत्या सुरात बोलतं, त्यावरून बरंच कळतं.

दुसरं विचारायचं ते असं की, हा माणूस नोकर कुणाचा? इथं दोन प्रकार असतात आणि दोघंही स्वतःला कंपनीच म्हणवतात. एक असतो तो खरं तर ब्युरो. माणूस मिळवून देतो, आपलं कमिशन घेतो आणि बाजूला होतो. पगार, सुट्टी, भांडण, अपघात, सगळं तुमच्या गळ्यात. दुसरी खरोखर माणसं नोकरीला ठेवते, पगार स्वतः देते, शिकवते, त्यांच्यावर देखरेख करते. ब्युरो वाईटच असतो असं नाही. घरात कुणी धडधाकट माणूस असेल आणि सगळं लक्ष देऊ शकत असेल, तर तोही चालतो. तुमच्याकडे तसं कुणी नाही. तेव्हा पैसे कुणाच्या नावानं द्यायचे, पावती कोण देतं, काम करताना माणसाला दुखापत झाली किंवा त्याच्या हातून बाबांना झाली तर जबाबदार कोण, हे लेखी मागा. पहिलीचे पैसे कमी का आहेत, याचं उत्तर कदाचित तिथंच सापडेल.

आता बाबांच्या आजाराबद्दल जरा थांबून बोलू, कारण बहुतेक कंपन्या इथंच उघड्या पडतात. 'आमची सगळी माणसं ट्रेन्ड आहेत' असं सगळेच सांगतात. कशात ट्रेन्ड? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणं हे एक कौशल्य झालं. पार्किन्सन्सचा माणूस चालवणं हे निराळंच. जो माणूस पाठवणार असतील, त्याच्याशी आधी बोलायला मागा आणि त्याला विचारा, 'चालता चालता बाबा दारात थबकले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर तुम्ही काय कराल?' 'हात धरून पुढे घेईन' असं म्हणाला, तर त्यानं असा पेशंट सांभाळलेला नाही. ओढलं की वरचं अंग पुढे जातं, पाय तिथंच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. ज्यानं सांभाळलाय तो म्हणेल, थांबेन, घाई करणार नाही, एक-दोन-तीन मोजेन, किंवा फरशीची रेघ दाखवून 'हिच्यावरून पाय टाका' म्हणेन. वळताना जागच्या जागी गर्रकन न फिरवता मोठा वळसा घालून फिरवेन. पुस्तकातलं उत्तर नको आहे, त्यानं त्याच्या भाषेत सांगितलं तरी पुरे.

रात्री उठताना ते पडले म्हणता. या आजारात, आणि त्यावरच्या काही औषधांनीही, उभं राहिल्याबरोबर रक्तदाब खाली येऊन भोवळ येऊ शकते. बाबांच्या बाबतीत तेच झालं का, हे डॉक्टरांना विचारा. बसता-उठतानाचं बीपी मोजून ते सांगतील. पण येणाऱ्या माणसाला एवढं माहीत हवं की पलंगावरून थेट उभं करायचं नाही. आधी कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसवायचं, मग उठवायचं.

गोळ्यांचं तर फारच सांभाळा. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची, गोळी अर्धा तास जरी उशिरा गेली, तरी काही पेशंटचं अंग लाकडासारखं ताठ होतं. मग अंघोळ, चालणं, गिळणं, सगळंच अडतं. 'जेवण झाल्यावर सगळ्या गोळ्या एकदम देतो' ही सोय इथं चालत नाही. जेवणातल्या प्रथिनांमुळे ही गोळी शरीरात कमी शोषली जाऊ शकते, म्हणून बऱ्याच जणांना ती जेवणाआधी घ्यायला सांगतात. बाबांच्या वेळा डॉक्टरांकडून घड्याळाप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद कपाटावर चिकटवा. आठवड्याची डबी आईंनी किंवा सिस्टरनं भरावी. माणसानं वेळेवर हातात द्यायची, समोर गिळली का बघायचं आणि वहीत वेळ टाकायची. डोस बदलणं त्याचं काम नाही, आणि कंपनीनं तसं लिहून द्यायला हवं. त्याच कागदावर आणखी दोन नावं टाका: मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल. पहिलं उलटी थांबवायला देतात, दुसरं माणूस भ्रमात बडबडू लागला तर. दोन्हींनी पार्किन्सन्सची लक्षणं बळावतात. घर बघायला येणाऱ्या त्या सिस्टरला सहज विचारा, 'यांना कोणती औषधं टाळायची असतात?' एवढं तिला यायला हवं. आलं, तर जास्तीचे पैसे कशाचे ते कळेल.

एक अडाणी वाटेल असा हिशेबही करा. तुम्हाला सिस्टर हवी आहे की अटेंडंट? लघवीची नळी, नाकातली नळी, इंजेक्शनं, जखमेचं ड्रेसिंग असतं, तर शिकलेली सिस्टरच लागली असती. अशा पेशंटवर नुसता अटेंडंट ठेवणं धोक्याचं. पण बाबांना यातलं काही नाही. त्यांना उठवणारा, धरून चालवणारा, अंघोळ घालणारा, वेळ पाळणारा माणूस हवाय. सिस्टर महिन्यातून एकदा-दोनदा येऊन बघून गेली तरी चालेल. तरीही कुणी 24 तासांची नर्स गळ्यात मारत असेल, तर ते दुकान आहे, हे समजून असा.

आणि '24 तासांचा माणूस' हे शब्द फार जपून ऐका. चोवीस तास कुठलाच माणूस काम करत नाही, तो झोपणारच. बाबांची अडचण रात्रीची आहे. ते रात्रीत तीनदा उठत असतील, तर त्यांच्याबरोबर तीनदा उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना अंघोळीला नेताना डुलक्या घेत असणार. तेव्हा रात्रीची ड्यूटी जागं राहायची की झोपून हाकेला उठायची, हे आधी ठरवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे ठरवण्याआधी एक आठवडा आईंना वहीत नुसत्या रेघा मारायला सांगा: कोणत्या तासाला बाबांना उचलावं, धरावं लागलं. बहुतेक रेघा रात्री अकरा ते सकाळी नऊमध्ये पडतील, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं, तर 12 तासांचा एकच माणूस, पण जागा राहणारा, पुरेल आणि तो महाग कंपनीचाही परवडेल. कंबर धरल्यावर आठवडाभर थांबणं जड जाईल, हे मान्य. मग तीन दिवसांच्या रेघाही चालतील.

कागदपत्रांचं सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. ओळखपत्राची प्रत, राहण्याचा पत्ता, पोलीस पडताळणी आणि आरोग्य तपासणी हे मागायचंच, आणि ते येणाऱ्या त्याच माणसाचं आहे हे चेहऱ्याशी ताडून बघायचं. बदली माणसाचंही. पण पडताळणी म्हणजे आजवर त्याच्यावर गुन्हा नाही, इतकंच. तो हळुवार आहे की नाही, हे त्यात कुठं असतं! त्यासाठी आधीच्या दोन घरांशी बोला. 'माणूस कसा होता?' असं विचारलं की लोक 'चांगला होता' म्हणून मोकळे होतात. 'काम सुटलं कसं?' आणि 'पुन्हा गरज पडली तर त्यालाच बोलवाल का?' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जरा जरी अडखळले, तरी तुम्हाला हवं ते कळलं.

भावाच्या रिव्ह्यूंबद्दल: पाच तारे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिले जातात, माणूस आला म्हणून हायसं वाटतं तेव्हा. सातव्या महिन्यात कुणी लिहायला बसत नाही. त्यापेक्षा वाईट रिव्ह्यू वाचा आणि त्यांना कंपनीनं काय उत्तर दिलंय ते बघा. अंगावर धावून गेलीय, की काय झालं ते सांगितलंय? परदेशातून त्याला हे काम सहज करता येईल. द्या त्याच्यावर सोपवून, तेवढाच त्याचा हातभार.

करार वाचताना अनामत परत कधी मिळते, किती दिवसांची नोटीस, माणूस पटला नाही तर किती वेळा बदलून देतात, आणि त्याच माणसाला पुढे तुम्ही थेट ठेवलंत तर दंड किती, एवढ्या चार ओळी शोधा. माणसाला हातात उचल देऊ नका. मागितली, तर कंपनीला कळवा. बाबांचं काम म्हणजे काय काय, तेही लिहून घ्या. बाबांचे कपडे, अंथरूण, त्यांची खोली हे त्यात येतं. घरभर झाडलोट येत नाही. आपण लोक यात फार लबाडी करतो, माणूस रिकामा बसलेला आपल्याला बघवत नाही. पण रात्री जागायचं असेल, तर त्यानं दुपारी पाठ टेकलीच पाहिजे.

आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही, तो तुम्ही विचारा: आम्ही देतो त्यातले किती पैसे त्या माणसाच्या हातात पडतात, आणि कोणत्या तारखेला? आठवड्याची सुट्टी मिळते का? कंपनी उत्तर टाळेल कदाचित. मग त्या माणसालाच विचारा, तो सांगेल. जिथं पगार लोंबकळत ठेवतात, तिथली माणसं महिन्या-दोन महिन्यांनी सोडून जातात, आणि बाबांना दर वेळी नव्या हातांची सवय करावी लागते.

आता घरातल्या माणसांकडे येऊ. आईंचं 'मी करीन' मला समजतं. इतक्या वर्षांचं माणूस, त्याला आयत्या वेळी परक्याच्या हाती कसं द्यायचं! पण ती कंबर एकदा पुरती गेली, की तुम्हाला एकाऐवजी दोघांसाठी माणूस शोधावा लागेल, हे त्यांना स्पष्ट सांगा. मात्र त्यांच्या हातचं सगळं काढून घेऊ नका. गोळ्यांची डबी, वहीवर रोजची नजर, माणसाला बाबांच्या खोडी समजावणं हे त्यांच्याकडेच राहू दे. येणारा त्यांच्या हाताखाली येतोय, त्यांच्या जागी येत नाहीये, हे त्यांना दिसू दे.

आणि बाबा. ते काहीच बोलत नाहीत, असं एका वाक्यात लिहून तुम्ही पुढे गेलात. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, उत्तर यायला वेळ लागतो. घरच्यांना वाटतं, त्यांना काही म्हणायचंच नाही. फोनवर विचारू नका. जाऊन शेजारी बसा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजा. पहिला प्रश्न हा असू दे: अंघोळ घालायला पुरुष हवा की बाई चालेल? बाहेरच्या बाईकडून अंग धुऊन घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटणारे पुरुष मी पाहिले आहेत. आणि उलट, पुरुषांचा रांगडेपणा नको म्हणणारेही. हे कंपनीनं ठरवायचं नाही, आणि तुम्ही आणि आईंनीही नाही.

माणूस येईल त्या पहिल्या आठवड्यात रजा काढून घरी राहा. दागिने, एटीएम कार्ड, चेकबुक कपाटात बंद करा आणि किल्ली आईंकडे ठेवा. हे त्या माणसाच्याही भल्याचं आहे, नाहीतर पुढे चष्मा जरी हरवला तरी पहिला संशय त्याच्यावर. बसायच्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल, तर त्याला आणि बाबांना सांगून लावा. जिथं कपडे बदलतात तिथं मुळीच नको. नंतर फोन करायचा तो रोज वेगवेगळ्या वेळी, आणि कधीतरी न कळवता थेट जाऊन थडकायचं. बाबांशी बोलताना फोन दर वेळी तोच धरून उभा राहत असेल, तर आईंना धरायला सांगा.

काय बघायचं? बाबा दिवसभर गुंगीत असतील, त्याची चाहूल लागताच आक्रसून घेत असतील, वजन उतरत असेल, अंगाला लघवीचा वास येत असेल, माकडहाडावर किंवा टाचेवर दाबूनही न जाणारा लाल डाग दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. यातलं काही आजारानंही होऊ शकतं. खरचटलं किंवा काळंनिळं झालं, तर लगेच आरोप नको. या आजारात माणूस धडपडतोच. पण ते त्या दिवसाच्या वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. दंडावर बोटांचे वळ असतील आणि वहीत काहीच नसेल, तर फोटो काढा, त्याच दिवशी माणूस बदला, चौकशी मागाहून. अशा फोनला कंपनी कशी वागते, हेही लक्षात ठेवा. 'बघतो' म्हणाली, की 'निघालोच' म्हणाली.

तर आता असं करा. पहिल्या कंपनीला नकार कळवा. दुसरीला सांगा की सिस्टर पाठवा, पण तुम्ही स्वतः घरी असाल त्या दिवशी. दरम्यान चार दिवस आईंना मदत हवी, तर ते चार दिवस तुम्हीच का जात नाही? सिस्टर आली की तिला आधी बाबांच्या खोलीत जाऊ दे आणि तुम्ही दारात गप्प उभ्या राहा. ती बाबांशी बोलते, की बाबांबद्दल तुमच्याशी, ते बघा. मग मला कळवा.

— ताई